एक वाजताचं ताट

झोपायच्या आधी भूक लागली तर काय खावं, यावरचं पत्रक मी लिहिलं तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता आणि आतल्या खोलीत माझी आई भरपेट जेवत होती. ताटाचा, पळीचा आवाज येत होता. लिहिताना अडथळा होतो म्हणून मी उठून मधलं दार लोटलं आणि पुढचं वाक्य लिहिलं : ‘झोपण्याच्या तोंडावर पूर्ण जेवण घेऊ नका.’ वाक्य बरोबर होतं. आजही मी त्यातला शब्द बदलणार नाही. चुकीच्या माणसाला उद्देशून लिहिलं होतं, एवढंच.

थेरगावात आमच्या दोन खोल्या आहेत. वडील चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर आहेत, गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथं. एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी. दुसरी असली की दुपारी दोनला डांगे चौकातून कंपनीची बस, साडेतीन ते बारा काम, आणि घरी यायला एक. आई जवळच्या सोसायटीत दोन घरी पोळ्या करते. ती सकाळी सहाला बाहेर पडते. म्हणजे दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात आमच्या घरी झोप कमी आणि भांडी जास्त.

मी शिकवण्या घेते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहिते. निगडीला एका बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानात आमचा गट बसतो. कामगारांच्या तब्येतीचे प्रश्न हा आमचा विषय. मशीनचा आवाज, पाठ, उष्णता, लाइन सोडून संडासला जाऊ देत नाहीत म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली. गटातल्या एक ताई पूर्वी नर्स होत्या. पत्रक कसं लिहायचं ते मी त्यांच्याकडून शिकले. त्या म्हणायच्या, आपलं पत्रक माणूस गेटपासून बसपर्यंत वाचतो, तेवढ्यात त्याला राग आला पाहिजे आणि काय करायचं ते कळलं पाहिजे. विशेषण दिसलं की त्या लाल पेनानं खोडायच्या. राग कुणावर आहे ते पहिल्या ओळीत नसेल तर कागद परत.

या पत्रकामागे माझा स्वार्थ होता, तो सांगून टाकते. त्या थंडीत आईची साखर तपासली होती. ती सारखी दमत होती, पोळ्या लाटता लाटता ओट्याला टेकायची. डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे. गोळी आज सुरू करत नाही, तीन महिने बघू. चालायचं, गोड बंद, रात्री आठच्या आत जेवायचं. झोपताना भूक लागलीच तर काहीतरी हलकं, पण बिस्किट-टोस्ट नाही. तीन महिन्यांनी उतरली नाही तर गोळी.

गोळीला आई घाबरत नव्हती, गोळीच्या पुढचं तिनं पाहिलं होतं. तिच्या थोरल्या बहिणीची साखर अशीच काठावरून सुरू झाली आणि पायाची दोन बोटं काढण्यापर्यंत गेली. मावशी अजून आमच्याकडं आली की चप्पल दारात न ठेवता हातात धरून आत आणते, कुणी तिच्या पायाकडं बघू नये म्हणून दारात घुटमळत नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यातून निघाल्यावर आई रस्त्यात एवढंच म्हणाली, “माझी बोटं माझ्यापाशी राहू दे.”

त्यानंतर तिनं सगळं केलं. चहातली साखर सोडली, सोसायटीतून येताना रिक्षा सोडली, संकष्टीचा साबुदाणा सोडला. फक्त एक सोडलं नाही. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात ती वडील आल्याशिवाय जेवायची नाही.

हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आमच्या गावाकडं, परांड्याच्या बाजूला, बायका असंच करतात आणि त्याला नियम म्हणत नाहीत. मी कॉलेजात असल्यापासून यावर तिच्याशी भांडत आले. ती ऐकून घ्यायची, कणीक मळत राहायची आणि शेवटी म्हणायची, तू जेव तुझं. डॉक्टरांनंतर मी पुन्हा जोर लावला, तेव्हा मात्र तिनं हात थांबवला. “तिकडं ते उपाशीपोटी राबत्यात आन् मी हितं गिळून बसू? घास उतरंल का माझ्या नरड्याखाली?”

घास उतरत नव्हता असंही नाही. साडेनऊला भूक लागली की ती खारी खायची, बिनसाखरेच्या चहात बुडवून. अकराला मूठभर चिवडा. कधी मुरमुऱ्यावर शेव. हे जेवण नव्हे, असं तिचं मत. आणि एकला दोन भाकरी, भाजी, वर भात. दीडला आडवी. साडेपाचला पाणी येतं म्हणून उठायचं. डॉक्टरांनी जे जे नको म्हटलं होतं ते ती रोज रात्री ओळीनं करत होती, आणि ते सगळं वडिलांच्या उपाशीपणाच्या नावावर.

तेव्हा माझा हिशेब सरळ होता. वडिलांना एक वाजता हलकं खायची सवय लावायची. ते मूठभर काहीतरी खाऊन झोपले की आईला वाट बघायचं कारण उरणार नाही. घरात सांगून फरक पडत नाही हा माझा अनुभव. छापलेलं असलं की वडील मानतात. म्हणून पत्रक. ‘दुसरी शिफ्ट संपवून येणाऱ्या भावांनो, तुमच्या भुकेचं वेळापत्रक कंपनीनं ठरवलंय’ अशी पहिली ओळ होती. राग कुणावर ते स्पष्ट. ताईंनी एक काटही मारली नाही. खाली काय खावं त्याची यादी. ती मी मोबाइलवरून उतरवली होती : मखाणे, बदाम, ओट्स, ग्रीक दही. ग्रीक दही म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. तीन ठिकाणी दिसलं म्हणून घातलं.

वाटायला मी चाकणलाच गेले, वडिलांच्याच कंपनीच्या रस्त्यावर. त्या आठवड्यात ते पहिल्या शिफ्टला होते. बस थांबतात त्या वळणावर तीनच्या सुमाराला उभी राहिले. पहिली शिफ्ट आतच होती, दुसरीची माणसं उतरत होती. बहुतेक जण कागद घेऊन चालता चालता घडी करतात, खिशात घालतात. एक जण थांबला. पन्नाशीचा, चेहऱ्यानं ओळखीचा, वडिलांच्या विभागातला. शिफ्टची अदलाबदल झाली की दोघं एका बसला असतात. त्यानं सगळं पत्रक उभ्या उभ्या वाचलं आणि मग मोठ्यानं, बाकीच्यांना ऐकू जाईल असं विचारलं, हे ग्रीक दही कुठल्या डेअरीत मिळतं, चाकणला का तळेगावला.

बाकीचे हसले. एक जण म्हणाला, राव, बदाम खायला सांगतेय पोरगी, आधी पगारवाढीचं पत्रक काढ म्हणावं. मी काय उत्तर दिलं ते इथं महत्त्वाचं नाही. मग त्या गृहस्थानं मला ओळखलं. वडिलांचं नाव घेऊन विचारलं, त्यांचीच ना तू? मी हो म्हटलं.

“मग हे आधी त्याला दे की. साडेसातला कँटीनचं शटर उघडलं की ताट घेऊन पहिला उभा तुझा बाप. चार पोळ्या, वरण-भात, गुरुवारी शिरा. एवढं जेवल्यावर रात्री कुणाला भूक लागती गं?”

मी विचारलं, कँटीनला जेवण असतं?

“झालं की पाच-सहा वर्षं. आधी चहा-बिस्किटं होती. का, घरी सांगितलं न्हाई व्हय त्यानं?” आणि तो पुन्हा हसला, पण माझं तोंड बघून लगेच थांबला. कागद नीट खिशात ठेवत म्हणाला, चांगलं लिहिलंय, लिहीत जा.

उरलेली पत्रकं मी परत आणली. बसमध्ये मी साधी गोष्ट करत होते, दिवस मोजत होते. पाच वर्षं धरली तरी त्यातले अर्धे आठवडे दुसऱ्या शिफ्टचे. तेवढ्या रात्री आई उपाशी असलेल्या माणसासाठी थांबली होती, जो उपाशी नव्हता. आणि त्या माणसानं साडेसातला चार पोळ्या खाऊन एकला पुन्हा दोन भाकरी खाल्ल्या होत्या. दोन जेवणं. मी पत्रकाच्या भाषेत विचार करायला शिकले आहे, त्यामुळं माझ्या डोक्यात पहिली ओळ तयार झाली, आणि तिच्यात राग वडिलांवर होता.

पुढच्या सोमवारी सकाळी आई पोळ्यांना गेली होती आणि वडील दुपारच्या शिफ्टसाठी डबा नसलेली पिशवी भरत होते. पिशवीत डबा का नसतो हा प्रश्न आम्हाला कधीच पडला नव्हता. कंपनीत डबा गरम करायची सोय नाही, असं त्यांनी फार पूर्वी सांगितलं होतं आणि ते तेव्हा खरं होतं. मी कँटीनचं विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. पिशवीची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

त्यांनी सांगितलं ते असं. जेवण सुरू झालं त्या पहिल्या दिवशी ते जेवले आणि घरी सांगायचं ठरवूनच आले. दार उघडलं तर आईनं भरली वांगी केलेली. एवढ्या रात्री, ताजी. पाट मांडलेला, पाणी भरलेलं. आता हिला कुठल्या तोंडानं सांगू, जेवून आलो म्हणून? उद्या सांगू म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, वांगी झाली होती का चांगली. मग आठवडा गेला. पुढच्या वेळी सांगायचं तर मागच्या आठवड्यात का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार. तसं ते लांबत गेलं.

मी विचारलं, पोट कसं भरतं दोनदा? ते म्हणाले, भरत नाही गं, कोंबावं लागतं. कधीकधी बस भोसरीला आली की मळमळायला लागतं. पण ताटाला नको म्हटलं तर ती विचारणार, बरं वाटत नाही का. पित्ताच्या गोळ्या लॉकरमध्ये ठेवतो.

मी त्यांना आईची साखर ऐकवली. मावशीच्या बोटांची आठवण दिली. ते सगळं त्यांना माहीत होतं. तरी मी ऐकवलं. आमच्या कामात माहीत असलेलं पुन्हा ऐकवायचंच असतं. म्हटलं, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. ते म्हणाले, “तू नको सांगू. मी सांगतो. माझं मला सांगू दे.” मग मी त्यांना नोटीस दिली. तोंडी, आठ दिवसांची. बापाला नोटीस देणं बरं दिसत नाही, पण मला दुसरी पद्धत येत नव्हती.

ते आठ दिवस दुसऱ्या शिफ्टचे होते. रोज रात्री एक वाजता मी पडल्या पडल्या ऐकत होते. दार, चप्पल, नळ, मग ताट. आईचं विचारणं, आज लई उशीर झाला का. वडिलांचं हं. भाकरी मोडल्याचा आवाज येत नाही, पण मला येतोय असं वाटायचं. सोमवार, मंगळवार, बुधवार. गुरुवारी तिनं जास्तीचा भात वाढला, आणि मला माहीत होतं की त्यांच्या पोटात शिरा आहे. शनिवारी मी ठरवलं, उद्या दुपारी मीच बोलणार.

रविवारी दुपारी वडील ओट्याजवळ बसून लसूण सोलत होते. हे ते कधी करत नाहीत. आईचं लक्ष कांद्याकडं होतं. मी उंबऱ्यात उभी होते, तोंड उघडणार इतक्यात ते लसणाकडं बघतच म्हणाले, “कंपनीत जेवण आसतंय.”

आई म्हणाली, कसलं जेवण.

“रात्रीचं. साडेसातला. मी जेवतो तिथं.”

आईनं कांदा चिरून संपवला. मग विळी आडवी करून ठेवली. मला वाटलं ती विचारेल, कधीपासून. तिनं ते विचारलंच नाही. तिनं विचारलं, किती पोळ्या.

“तीन.”

“चार,” मी म्हटलं.

“भात?”

“आसतोय थोडा.”

“सोमवारी काय आसतंय?” असं करत तिनं शनिवारपर्यंत सहाही दिवसांची भाजी विचारून घेतली. वडील सांगत गेले. मटकी, बटाटा, चवळी. शेपूच्या वारी ती म्हणाली, तुम्हाला शेपू आवडत न्हाई. ते म्हणाले, तिथं खातो. यावर ती जे बोलली ते न ओरडता.

“मला वाटायचं तुमी उपाशी हाय. म्हणून मी उपाशी बसायची.”

“तुला वाईट वाटलं आसतं,” वडील म्हणाले.

“वाटलं आसतं की. एक दिवस वाटलं आसतं.”

तिनं विळी उचलली आणि दुसरा कांदा घेतला. पुढं चार दिवस ती त्यांच्याशी कामापुरतं बोलली. मला तेव्हा तिनं खूप बोलावं असं वाटत होतं. मी तिच्या जागी असते तर एक परिच्छेद तरी म्हटला असता. मी तिला म्हणालेही, तू त्यांना एवढ्यावर सोडलंस? ती म्हणाली, तुझ्या बापाला मी काय सोडायचं, दोन दोन जेवणं जेवलाय तो माझ्यापायी, त्याचं पोट बघ की. तिच्या साखरेबद्दल मी बोलत होते आणि ती त्यांच्या पोटाबद्दल. आपल्याला आलेला राग दुसऱ्याला यायलाच पाहिजे, हा पत्रक लिहिणाऱ्यांचा गैरसमज असतो. मला तो अजून आहे.

पुढचा दुसऱ्या शिफ्टचा आठवडा आला. सोमवारी आठ वाजता मी शिकवणी संपवून घरी आले तर आईनं एकटीसाठी ताट घेतलं होतं. ती ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसली, उठली, मीठ आणलं, बसली, पुन्हा उठून दाराची कडी बघितली. एकटीनं ताट वाढून घेऊन बसायचं तिला माहीतच नव्हतं. दुपारी ती उभ्या उभ्या तव्यावरची भाकरी खाते, रात्री वडिलांबरोबर. मी माझं ताट घेऊन शेजारी बसले. तिनं अर्धी भाकरी खाल्ली आणि म्हणाली, जात नाही. मी म्हटलं, जाईल. दुसऱ्या दिवशी एक गेली.

खरी अडचण साडेदहाला यायची. इतकी वर्षं जागं राहायची सवय, त्यामुळं झोप नाही, आणि आठला जेवलेलं पोट पुन्हा मागायला लागायचं. ती खारीच्या डब्याकडं बघायची आणि मग माझ्याकडं. “तुझ्या कागदात काय हाय खायला?” तिनं विचारलं. मी कागद काढला नाही. बदाम आमच्या घरात दिवाळीला असतात आणि ग्रीक दह्याचा शोध अजून लागलेला नव्हता. आम्ही घरात काय आहे ते बघितलं.

दूध अर्धा कप, कोमट, साखर न घालता : तिला ढेकर आले. ताक : रात्री थंड पडतं म्हणाली, खोकला होईल. काकडी : अर्ध्या तासात पुन्हा भूक. उकडलेलं अंडं चाललं, पोट धरून राहिलं, पण सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी सोडून. केळं तिला हवं होतं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी देईना. शेवटी ती फुटाण्यांवर स्थिरावली. सालासकट, एक मूठ, सावकाश चावून. चावायला वेळ लागतो म्हणून पोटाला फसवल्यासारखं होतं, हे तिचं निरीक्षण. ते मी कुठं वाचलेलं नाही. कधी त्याबरोबर थोडे भाजलेले शेंगदाणे. आणि काही रात्री नुसतं पाणी पिऊन पडून राहिल्यावर लक्षात यायचं की भूक नव्हतीच, वाट बघणं होतं. हे तीच म्हणाली, गोधडी पायावर ओढत. अकराला ती झोपलेली असायची.

वडील एकला यायचे. आता त्यांच्याकडं किल्ली होती. आतल्या खोलीत दिवा लावायचे नाहीत. पहिल्या रात्री मला त्यांची चाहूल लागली, तर ते अंधारात ओट्याजवळ उभे होते. झाकलेलं काही आहे का ते हातानं चाचपत होते, भुकेनं नव्हे. ओटा पुसलेला होता. ते पाणी प्याले आणि झोपले. आठवड्याभरात त्यांची लॉकरमधली पित्ताची पट्टी संपली नाही, असं त्यांनी मला आपणहून सांगितलं, जणू मी विचारलं होतं.

निगडीला मी ताईंना सांगितलं की पत्रक मागं घ्यायचं. कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, मागं कशाला, खाली एक ओळ वाढव. मी यादी काढून टाकली, फुटाणे, शेंगदाणे, अंडं घातलं. खाली लिहिलं : ‘घरी कुणी तुमच्यासाठी उपाशी थांबत असेल, तर तुम्ही काय आणि किती वाजता खाता हे तिला आज सांगा.’ ताईंनी ‘आज’ खाली रेघ मारली. दुसऱ्यांदा वाटायला मी त्या वळणावर गेले नाही, गटातला दुसरा माणूस गेला. माझ्यामुळं तिथं वडिलांची चेष्टा व्हायला नको होती.

तीन महिने झाले तेव्हा वडील पहिल्या शिफ्टला होते, म्हणून आईबरोबर मीच गेले. सकाळी रिकाम्या पोटी रक्त दिलं आणि संध्याकाळी रिपोर्ट घेऊन दवाखान्यात बसलो. आईनं पाकीट उघडलं नव्हतं. मीही उघडलं नाही, ती घट्ट धरून बसली होती म्हणून. बाकावर शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, कुणाला दाखवायचंय. आई म्हणाली, मलाच.

डॉक्टरांनी कागद वाचला, जुना कागद काढून शेजारी ठेवला. साखर उतरली होती. फार नाही, पण काठाच्या अलीकडं आली होती. गोळी आत्ता नको म्हणाले, असंच चालू ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा. मग त्यांनी पेन उघडं ठेवून विचारलं, काय बदल केला नेमका? चालणं वाढवलं का?

आई उठली होती. पदर सारखा करत होती.

“काय न्हाई,” ती म्हणाली. “भूक लागली की जेवते आता.”